सिमेंट, देणगी आणि राजीनामा : अंतुले प्रकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षं वकिली करते. दर शनिवारी संध्याकाळी शास्त्री रस्त्यालगतच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं जमतात आणि कायदा, राज्यकारभार यांवर आमच्या गप्पा होतात. सिमेंटच्या मंजुरीच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या आरोपावरून १९८२ मध्ये ज्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं त्या बॅरिस्टर अंतुल्यांचा विषय निघाला की वेळेचं भान राहत नाही. तेच प्रश्न दरवर्षी नव्या तोंडून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

अंतुले कोण होते?

अब्दुल रहमान अंतुले हे ९ जून १९८० पासून जानेवारी १९८२ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. या पदावर आलेले ते आजवरचे एकमेव मुस्लीम नेते. जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा, गाव कोकणातलं आंबेत. तिथून मुंबई, मग लंडन. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि १९६२ साली श्रीवर्धनमधून आमदार झाले. निधन २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत झालं.

एवढ्या मोठमोठ्या नेत्यांना मागे टाकून ते मुख्यमंत्री कसे झाले?

निष्ठेच्या जोरावर. आणीबाणीनंतर इंदिरा गांधी हरल्या, १९७८ च्या सुरुवातीला काँग्रेस फुटली, आणि महाराष्ट्रातले बहुतेक वजनदार पुढारी इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला गेले. त्याच वर्षी जुलैत शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार बनवलं. ज्या काळात इंदिराबाईंचं नाव घेणं अंगाशी येत होतं त्या काळात अंतुले त्यांच्याबरोबर राहिले. १९८० मध्ये इंदिराबाई दिल्लीत परतल्या, पवारांचं सरकार बरखास्त झालं, विधानसभेत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. साखर कारखान्यांचं जाळं किंवा मराठा पुढाऱ्यांची फळी अंतुल्यांच्या मागे नव्हती. दिल्लीचा विश्वास हेच त्यांचं भांडवल होतं, आणि माझ्या मते पुढचं सगळं इथूनच समजतं. ज्याची स्वतःची जमीन नसते त्याला पैशाचा आणि उपकारांचा आधार उभा करावासा वाटतो.

त्यांनी काही चांगलं केलं की नाही?

केलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. जालन्याहून आलेल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, आमचा जिल्हा त्यांनीच केला ना?" हो. जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे १ मे १९८१ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्याच वर्षी मिळालं. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांनी सुरू केली. पुण्यात तहसील कचेरीबाहेर आजही एखादी आजी हातात कागद घेऊन 'संजय गांधीचे पैसे' विचारत उभी असते. एवढी वर्षं टिकलेली योजना काढणारा माणूस निकामी नव्हता. निर्णय झटक्यात घ्यायचा, फाईल अडवून ठेवायची नाही, ही त्यांची ख्याती होती. नियम आडवा आला तर नियमालाच बाजूला सारायचं, ही त्याच स्वभावाची दुसरी बाजू.

सिमेंटमध्ये एवढं काय होतं? दुकानात जाऊन गोणी आणायची ना?

आजच्या मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं. तेव्हा दुकानात जाऊन सिमेंट मिळत नसे. सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात होतं. केंद्र सरकार राज्यांना कोटा ठरवून देई, राज्य तो जिल्ह्यांना, सरकारी कामांना, संस्थांना वाटे आणि उरलेल्यासाठी सामान्य माणसानं अर्ज करायचा. अर्ज मंजूर झाला की परमिट, परमिट दाखवलं की ठरलेल्या भावानं गोण्या. नाहीतर काळा बाजार.

आमच्या घरचंच सांगते. कोथरूड तेव्हा गावाबाहेर होतं. वडिलांनी कर्ज काढून प्लॉट घेतला आणि १९८१ मध्ये बांधकाम सुरू केलं. जोत्यापर्यंत काम आलं आणि सिमेंट संपलं. परमिटासाठी ते एका कचेरीत किती वेळा गेले याची गणती नाही. दर खेपेला 'माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या'. शेवटी तिथल्या एकानं चहापाण्याचं सुचवलं. वडील काही न बोलता घरी आले. तो पावसाळा आमचं जोतं उघड्यावर भिजलं, सळया गंजल्या. शेजारच्या प्लॉटवर मात्र ट्रक उतरत होते. आईनं एकदाच विचारलं, "त्यांना कुठून मिळतं हो?" वडिलांनी उत्तर दिलं नाही.

आता हीच टंचाई मुंबईतल्या इमारतींच्या मापानं मोजा. बिल्डरला शेकडो टन सिमेंट लागतं. काम एक महिना थांबलं तर व्याज वाढतं, ग्राहक ओरडतो. सरकारी भाव आणि काळ्या बाजाराचा भाव यांतली तफावत एवढी मोठी की परमिट देणारी सही ही पैसाच झाली. आणि नेहमीच्या वाटपाबाहेर, खास बाब म्हणून सिमेंट मंजूर करण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांच्या हाती एकवटला होता.

प्रतिष्ठान म्हणजे नेमकं काय होतं?

१९८० च्या ऑक्टोबरात 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा न्यास स्थापन झाला. उद्देश असा की साहित्यिक, कलावंत यांना मदत मिळावी. सरकारनंही त्यात पैसे घातले. याखेरीज आणखीही काही न्यास होते, त्यांतले काही कोकणाच्या विकासाच्या नावानं. कागदावर हेतू असा की कुणी नाव ठेवू नये. पंतप्रधानांचं नाव, कलावंतांचं भलं, देणाऱ्याला रीतसर पावती. आरोप असा होता की सिमेंट हवं असलेले बिल्डर आणि सरकारकडे कामं अडकलेले साखर कारखाने यांच्याकडून या न्यासांसाठी देणग्या घेतल्या गेल्या.

पण देणगी तर चेकनं, पावती देऊन घेतली. अंतुल्यांच्या खिशात काही गेलं नाही. मग लाच कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि याच्यासाठीच मी हे पान लिहायला घेतलं.

लाच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालचं पाकीट येतं. कायद्याच्या डोळ्यांपुढे ते कधीच नव्हतं. भारतीय दंड संहितेच्या तेव्हाच्या कलम १६१ मध्ये शब्द होते : 'स्वतःसाठी किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीसाठी'. लोकसेवकानं सरकारी काम करण्याच्या बदल्यात पगाराव्यतिरिक्त काहीही घेतलं, मग ते बायकोसाठी असो, पक्षासाठी असो वा देवळासाठी, तर तो लाभ लाचच ठरू शकतो. पैसा कुठे गेला हा दुसरा प्रश्न. कशाच्या बदल्यात आला, हा पहिला.

मी मुलांना दोन कागद शेजारी ठेवून बघायला सांगते. एकावर देणग्यांची यादी : कुणी दिली, किती, कोणत्या तारखेला. दुसऱ्यावर सिमेंट मंजुरीची यादी : कुणाला, किती टन, कोणत्या तारखेला. दोन्ही याद्यांत तीच नावं असतील आणि तारखा एकमेकींना चिकटून असतील, तर पावतीचा रंग कितीही पांढरा असला तरी त्या पैशाला देणगी म्हणता येत नाही. इथे पावती पुराव्याचं काम करते. पाकिटाला तारीख नसते, चेकला असते.

आणि दान म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं दारात येतात, आपण अकरा रुपये देतो किंवा दार लावून घेतो. दार लावलं म्हणून आपलं पाणी कुणी तोडत नाही. ज्या क्षणी पाणी तुटण्याची शक्यता येते त्या क्षणी ती वर्गणी राहत नाही.

हे बाहेर कसं आलं?

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. ते तेव्हा त्या वर्तमानपत्राचे कार्यकारी संपादक होते. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी राज्यपालांकडे मुख्यमंत्र्यांवर खटला भरण्याची मंजुरी मागितली. संसदेत गदारोळ झाला. इकडे समाजवादी नेते प. बा. सामंत आणि इतरांनी सिमेंटवाटपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली.

म्हणजे कोर्टानं शिक्षा केली म्हणून ते गेले?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्यांचं पद घालवणारा निकाल फौजदारी नव्हता.

सामंतांच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. सिमेंटची मंजुरी आणि प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कुणाला तुरुंगात धाडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. सरकारी अधिकार ज्या कारणासाठी दिला आहे त्याच कारणासाठी वापरला का, एवढाच होता. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला. मग बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

लेंटिन यांचं नाव पुढे पुन्हा गाजलं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण दगावले, त्याची चौकशी त्यांच्याच आयोगानं केली. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांनी हा माणूस अभ्यासावा.

मग फौजदारी खटल्याचं काय झालं? 'सँक्शन' हा काय प्रकार आहे?

लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायचा तर त्याला पदावरून दूर करू शकणाऱ्या अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी लागते. १९४७ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हे कलम ६ मध्ये होतं. हेतू वाईट नाही : प्रामाणिक अधिकाऱ्याला कुणीही उठून कोर्टात खेचू नये. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ही मंजुरी राज्यपाल देतात. पण राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात! मुख्यमंत्र्यावरच्या खटल्याला मंजुरी द्यावी का, हे मुख्यमंत्र्याच्याच मंत्रिमंडळानं ठरवायचं? उच्च न्यायालयात मान्य झालं की अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकानं ठरवावं. नंतर सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकार म्हणू लागलं की आमच्या वकिलानं तसं मान्य केलंच नव्हतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोर्टात काय घडलं याची न्यायाधीशांनी निकालात केलेली नोंद अंतिम मानायची. ते वाक्य आजही आम्ही वकील रोज वापरतो. ते या प्रकरणातून आलं हे पुष्कळांना माहीत नसतं.

जुलै १९८२ मध्ये राज्यपालांनी काही आरोपांपुरती मंजुरी दिली आणि नायकांनी ऑगस्टमध्ये भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशांपुढे नव्यानं फिर्याद केली. मग बचाव आला : अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत, आमदार हाही लोकसेवक, म्हणून आणखी एक मंजुरी हवी. १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी हे मान्य करून त्यांना आरोपमुक्त केलं.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. ज्या पदाचा गैरवापर झाला असा आरोप आहे ते पद सुटलं असेल तर त्यासाठी मंजुरी लागत नाही. दुसरं पद हाती आहे म्हणून जुन्या पदाचं संरक्षण चालू राहत नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयानं सांगितलं की भ्रष्टाचाराची फिर्याद विशेष न्यायाधीशांपुढे खासगी नागरिकही करू शकतो. पोलिसांनीच यावं अशी अट नाही. नायकांनी एकट्यानं हे केलं, हे मला आजही मोठं वाटतं.

आमदार लोकसेवक नाही, असं कोर्टानं खरंच म्हटलं?

म्हटलं, १९८४ च्या त्याच निकालात, पण ते तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम २१ मधल्या व्याख्येपुरतं. १९८८ मध्ये नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला आणि व्याख्या रुंद झाली. १९९८ मध्ये झारखंड मुक्ती मोर्चाच्या लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खासदार हा या कायद्यानं लोकसेवक ठरतो असं सांगितलं. परीक्षेत अर्धं उत्तर लिहू नका.

१९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच आदेश चुकीचा ठरवला, ते काय?

१९८४ च्या निकालात खटला लवकर संपावा म्हणून तो थेट उच्च न्यायालयाकडे वर्ग केला होता. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे. थेट उच्च न्यायालयात चालवल्यानं आरोपीचा अपिलाचा एक टप्पा जातो, आणि इतर आरोपींना मिळणारी वागणूक त्याला मिळत नाही. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठानं ५ विरुद्ध २ मतांनी तो आदेश रद्द केला. न्यायालयाच्या चुकीनं कुणाचं नुकसान होता कामा नये, असं त्यामागचं तत्त्व.

मुलं चिडतात. "एवढ्या वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून?" हो. मलाही विद्यार्थिदशेत राग आला होता. पण रोज कोर्टात उभी राहते तेव्हा हे तत्त्व मला माझ्या गरीब अशिलांसाठी लागतं. बॅरिस्टरसाठी वाकवलेला कायदा उद्या पाकीटमारासाठीही वाकतो.

ही खंडणी होती की लाच?

छान प्रश्न, कारण १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यातच वेळ घालवला. खंडणीत भीती घालून वसूल करावं लागतं. साखर कारखान्यांची कामं सरकारकडे पडून होती, देणगी दिली तर ती सुटतील असं वातावरण होतं. पण भीती घातल्याचा पुरावा न्यायालयाला दिसला नाही, म्हणून खंडणीचा आरोप टिकला नाही. लाचेसह काही आरोप ठेवण्याइतपत साहित्य मात्र आहे, असं न्यायालयानं ठरवलं.

अखेर शिक्षा झाली का?

नाही. अंतुले दोषी कधीच ठरले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहिताना हे वाक्य वगळू नका. खटला लांबला म्हणून तो रद्द व्हावा, हा मुद्दाही त्यांच्याच नावानं सर्वोच्च न्यायालयात गेला. १० डिसेंबर १९९१ रोजी पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की जलद न्याय हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, मात्र अमुक वर्षांत खटला संपलाच पाहिजे अशी मुदत न्यायालय बांधून देणार नाही.

राजकारणात ते परतले. लोकसभेवर निवडून गेले, नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात १९९५ मध्ये आरोग्यमंत्री झाले, २००६ ते २००९ अल्पसंख्याक व्यवहार मंत्री होते. २००९ मध्ये रायगडमध्ये अनंत गीते यांच्याकडून हरले. पण मुख्यमंत्रिपद पुन्हा मिळालं नाही. फिर्यादी रामदास नायक यांची २५ ऑगस्ट १९९४ रोजी वांद्र्यात हत्या झाली.

ते मुस्लीम होते, मराठा लॉबीतले नव्हते, म्हणून त्यांना पाडलं असं म्हणतात. खरं आहे का?

त्यांना पाण्यात पाहणारे स्वपक्षातही होते, यात शंका नाही. एखाद्याला शत्रू पुष्कळ असले म्हणून त्याच्याविरुद्धचे कागद खोटे ठरत नाहीत, आणि कागद खरे असले म्हणून त्याच्या धर्मावरून बोलण्याचा परवाना कुणाला मिळत नाही. अभ्यासिकेत तशी शेरेबाजी झाली तर मी तास थांबवते.

बिल्डरांना काही झालं नाही?

देणाऱ्यावर कायद्याचा हात तेव्हा सैल होता. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली की देणारा सुटतो. त्याच दुरुस्तीनं निवृत्त लोकसेवकांवरच्या खटल्यालाही मंजुरी आवश्यक केली, त्यामुळे १९८४ च्या निकालातला तो भाग आता जसाच्या तसा लागू होत नाही. मला हा बदल पटत नाही.

आज पुण्यात कुणी कामाच्या बदल्यात 'देणगी' मागितली तर?

पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. संस्थेचं नाव, रक्कम, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या दिवशी मागितली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. 'ट्रस्टला द्या, मला नको' हे वाक्य तर आठवणीनं लिहा.

सिमेंटचं पुढे काय झालं?

२८ फेब्रुवारी १९८२ रोजी, म्हणजे राजीनाम्यानंतर दीड महिन्यात, केंद्रानं नियंत्रण सैल केलं आणि उत्पादनाचा काही हिस्सा कारखान्यांना खुल्या बाजारात विकता येऊ लागला. १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं.

आणि तुमच्या वडिलांचं घर?

हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. खुल्या बाजारात सिमेंट आल्यावर वडिलांनी आणखी थोडं कर्ज काढलं आणि १९८३ च्या उन्हाळ्यात स्लॅब पडला. ज्या परमिटासाठी त्यांनी हेलपाटे घातले ते काम पूर्ण झाल्यावर पोस्टानं आलं. वीस गोण्यांचं. ते त्यांनी फाडलं नाही, घराच्या कागदांच्या फाईलीत लावून ठेवलं. फाईल आता माझ्याकडे आहे.